नव्या डब्याची पूजा

आमच्या प्रयोगशाळेतलं ते यंत्र वजन करतं, पण त्याला तराजू म्हणायला जीभ वळत नाही. नाण्याएवढी क्वार्ट्जची एक चकती, दोन्ही बाजूंना धातूचा पातळ मुलामा. वीज दिली की ती चकती थरथरते, सेकंदाला पन्नास लाख वेळा. ती थरथर डोळ्याला दिसत नाही, हाताला लागत नाही. स्क्रीनवर फक्त एक रेघ चालत राहते. चकतीवर काही येऊन बसलं तर थरथर जराशी मंदावते आणि रेघ खाली येते. बसलेलं निघून गेलं तर रेघ वर चढते. एका रेणूच्या जाडीचा थर बसला तरी तो कळतो. माणसाच्या बोटाचा ठसा ह्या यंत्राच्या हिशेबात डोंगरासारखा असतो.

आम्ही लोखंडाचा मुलामा दिलेल्या चकत्या मागवतो. भिलाईत दुसरं काय मागवणार? इथल्या औद्योगिक वसाहतीत तार ओढणारे लहान कारखाने आहेत. तिथे तारेचं भेंडोळं ऍसिडच्या हौदात बुडवून वरचा गंज काढतात. गंज जातो, पण ऍसिड तिथेच थांबत नाही, खालचं चांगलं लोखंडही खायला लागतं. म्हणून हौदात एक औषध टाकतात. त्याचे रेणू लोखंडाला चिकटून बसतात आणि ऍसिडला आत येऊ देत नाहीत. बाजारातली औषधं विषारी असतात. माझ्या विद्यार्थिनीचं पीएच.डी.चं काम हे होतं की महुव्याच्या, म्हणजे मोहाच्या, पानांच्या अर्कातून तसंच औषध निघतं का ते बघायचं. चकतीवर ऍसिड सोडलं की लोखंड विरघळतं, वजन घटतं, रेघ चढते. अर्काचे रेणू नीट बसले तर रेघ थोडी खाली येते आणि मग आडवी पडते. आमच्या बोलीत आम्ही म्हणायचो, रेघ झोपली. चढली तर म्हणायचो, उठली.

इथवर मी न अडखळता सांगू शकतो. वर्गात वर्षानुवर्षं हेच करतो. ह्याच्या पुढचं मी फक्त तिघांना सांगितलं आहे, आणि त्यातल्या पहिल्या माणसाला सांगायला मला अख्खा हिवाळा लागला.

माझे वडील भंडारा जिल्ह्यातून इथे पोलादाच्या प्लांटमध्ये नोकरीला आले. रेल मिलमध्ये होते. आम्ही सेक्टर दहाच्या क्वार्टरमध्ये वाढलो. विश्वकर्मा पूजेच्या दिवशी ते आम्हाला सोबत न्यायचे. एरवी जिथे बोलणं ऐकू येत नाही तिथे त्या दिवशी घंटी ऐकू यायची. मशीनवर हळद-कुंकू, पान्यांना हार, क्रेनच्या हुकाला झेंडूची माळ. वर्षभरात जे नवं आलं असेल ते उघडून देवापुढे मांडायची त्यांची रीत होती. हातमोज्यांचं पाकीट असलं तरी फाडायचे. एकदा कोणीतरी नव्या हत्यारांची पेटी बंदच ठेवली, तर वडील म्हणाले, "बंद डब्याले पूजा लागत नाई. उघडा न. देवाले दिसू द्या काय आणलं ते."

मी रसायनशास्त्र शिकलो, मास्तर झालो, तरी प्रयोगशाळेत मी ती पूजा सोडली नाही. वडील गेल्यावर तर नाहीच. देवावर माझी श्रद्धा आहे की नाही हे मला आजही सांगता येणार नाही. पण त्या दिवशी यंत्राला टिळा लावला नाही तर दिवसभर चुकल्यासारखं होतं.

त्या वर्षी पूजेच्या आठवड्यातच चकत्यांचा नवा डबा आला होता. विद्यार्थिनी तापाने मोहन नगरला घरी पडली होती. शेजारच्या विभागातले दोन-तीन जण प्रसादाला आले. मी यंत्राच्या झाकणाला कुंकू लावलं, नारळ बाहेर व्हरांड्यात फोडला, आत येऊन कापूर पेटवला आणि धूपदाणीत गुग्गुळ टाकला. मग नवा डबा उघडला आणि देवापुढे ठेवला. चकत्या स्पंजच्या खोबणीत बसलेल्या, लोखंडाची बाजू वर. एक जण म्हणाला, "सर, इनको भी टीका लगा दीजिए." सगळे हसले. चकत्यांना कुंकू लावू नये एवढी अक्कल मला होती.

धुराचं डोक्यात आलं नाही. आमच्या त्या खोलीत तापमान जरा हललं तरी रेघ हलते, म्हणून खिडकी पट्टी लावून कायमची बंद केलेली आहे आणि दाराच्या फटीला लोकरीचा जाड नमदा मारलेला आहे. हवा तीच तीच फिरत राहते. धूर सावकाश विरला, बराच वेळ डबा उघडा होता, आणि मी भिंतीला टेकून वडिलांचा विचार करत बसलो होतो. दुसऱ्या कुणाच्या हातून असं झालं असतं तर मी त्याला खोलीबाहेर काढलं असतं.

ती बरी होऊन आली. मी तिला नारळाची वाटी दिली, पूजा झाल्याचं सांगितलं. डबा उघडला होता हे सांगितलं नाही. त्यात सांगण्यासारखं काही आहे असं तेव्हा वाटलंच नाही.

त्या डब्यातली पहिली चकती तिने बसवली, अर्क घातलेलं ऍसिड सोडलं, आणि थोड्या वेळाने माझ्या टेबलाशी धावत आली. एरवी ती माझ्याशी हिंदीत बोलायची. तिच्या घरी मराठी आहे, पण ती घरापुरतीच. खूप आनंद झाला किंवा खूप बिनसलं तरच तिच्या तोंडून मराठी निघायची.

"सर, रेघ झोपली! या न, बघा न! हलूनच नाई राहिली!"

खरंच झोपली होती. इतक्या थोड्या अर्कात कोणाचीच झोपलेली मी वाचली नव्हती. तिने अर्क आणखी कमी केला. तरी झोपली. अख्खा डबा असाच गेला, एकापाठोपाठ एक. नुसत्या ऍसिडवर रेघ कशी चढते ते आम्ही आधीच्या, जुन्या डब्यातल्या चकत्यांवर मोजून ठेवलं होतं. ती म्हणाली होती, नव्या डब्यातली एक चकती नुसत्या ऍसिडवर लावू का? मी नको म्हटलं. चकत्या बाहेरून येतात, मागवल्यावर महिने जातात. वाया कशाला घालवायची? ती एक चकती लावली असती तर तिथेच सगळं उघडं पडलं असतं.

आम्ही लेख लिहिला. तो पटकन स्वीकारला गेला. पहिलं नाव तिचं, शेवटचं माझं. तिच्या वडिलांनी तिला मुदत दिली होती, काम चालतंय तोवर शिक, अडलं की स्थळं बघायची. लेख छापून आला तेव्हा ते पेढे घेऊन आले आणि म्हणाले, "आता मी काई बोलत नाई, सर. तुमची पोट्टी, तुमीच पाहा." माझी प्रोफेसरच्या पदाची मुलाखत त्याच हिवाळ्यात होती. तो लेख मला हवा होता, हेही लिहून ठेवतो.

दिवाळीनंतर महिनाभराने दुसरा डबा आला. तो सीलबंद आला आणि तिनेच उघडला. रेघ उठली. अर्क वाढवला, थोडी रेंगाळली, पण उठलीच. तिने दुसरी चकती लावली, तीही उठली. तिसऱ्या वेळी ती माझ्याकडे बघून हिंदीत म्हणाली, "सर, ये फिर ऊपर जा रहा है." आवाज अगदी सपाट होता.

ती जेवायला गेल्यावर मी कपाटातून लेखातल्या चकत्यांचा रिकामा डबा काढला. मला काही सुचलं होतं म्हणून काढला असं नाही. अनुक्रमांक बघायचा होता. झाकण उघडलं आणि स्पंजमधून गुग्गुळाचा वास आला. स्वच्छ वास, देवघरासारखा.

मला त्याच क्षणी सगळं समजलं. धुरातला चिकट, तेलकट अंश चकत्यांवर बसला होता. ऍसिडला अडवलं ते त्याने. महुव्याने काही केलं असेल-नसेल, झोपलेली रेघ गुग्गुळाची होती. छाती धडधडली, घाम फुटला, असं काही झालं नाही. लिहिताना माणूस असं घालतो. मला काहीही झालं नाही. मी झाकण लावलं, डबा कपाटात मागे सरकवला आणि पोळीचा डबा उघडून जेवलो. भेंडीची भाजी होती.

ती परत आली आणि तिने मला विचारलं, "सर, काय चुकत असंल?"

नुसतं गप्प बसलो असतो तर ते निदान गप्प बसणं झालं असतं. मी गप्प बसलो नाही. मी म्हणालो, "तुझ्या हाताचं काहीतरी होऊन राहिलं. तेलबिल लावते का तू?"

ती म्हणाली, "हो सर. थंडीचं, खोबरेल."

"मग तेच."

त्या दिवसापासून तिने खोबरेल सोडलं. नखं मुळापासून कापली. बांगड्या, अंगठी, घड्याळ सगळं काढून पर्समध्ये. केसांनाही तेल नाही, कारण हात केसांना लागतो. हातमोजे घालायच्या आधी साबण, मग स्पिरिट, मग पुन्हा साबण. एक चकती लावायची, रेघ उठलेली बघायची, आणि पुन्हा हात धुवायला जायचं. आपल्याकडे कोरडी थंडी पडते तेव्हा चांगल्या हातांनाही भेगा जातात. तिच्या बोटांच्या पेरांवर चिरा पडल्या, त्यातून रक्त यायला लागलं, मग तिने त्यावर पट्ट्या लावल्या, आणि पट्टीच्या गोंदाचा थर चकतीवर जाईल म्हणून पट्ट्याही काढल्या. मी हे रोज बघत होतो. चिमट्याने चकती उचलताना तिचा हात पूर्वी दगडासारखा स्थिर असायचा. माझ्या एवढ्या वर्षांत इतका चांगला हात मी पाहिला नव्हता. तो आता कापायला लागला. मग एक चकती खरोखरच तिच्या हातून निसटली आणि फुटली. ती रडली नाही. म्हणाली, "बघितलं न सर, हातच असा आहे."

मी म्हणालो, "होते असं." तुकडे मीच गोळा केले.

मुलाखत झाली. त्यांनी त्या लेखाबद्दल विचारलं, मी उत्तरं दिली. चांगली दिली. निवड झाली. घरी बायकोने शिरा केला. तो गोड होता, एवढं कळलं.

तिच्या धाकट्या बहिणीचं लग्न निघालं. मला आणि बायकोला मेंदीपासूनच यायचं आमंत्रण होतं. तिची आई आमच्या घरी येऊन कुंकू लावून गेली होती. मोहन नगरात त्यांच्या घरापुढे मांडव घातलेला, दुपारची वेळ. बायका ओळीने बसल्या होत्या, हात पुढे करून. मेंदी काढणाऱ्या दोन मुली रायपूरहून आणलेल्या. बायको आत गेली, मी पुरुषांमध्ये खुर्ची घेऊन बसलो. तिथून सगळं दिसत होतं.

माझी विद्यार्थिनी ताटं उचलत होती, पाणी देत होती. तिचे हात कोरे होते. तिची आत्या, मोठ्या आवाजाची बाई, दोन्ही हात मेंदीत बुडालेले, तिने तिला अडवलं.

"काव पोरी, बहिणीची मेंदी न तुझे हात कोरे? बस इथं."

"नको आत्या."

"नको कायले? एक फूल तर काढ. अपशकुन करते का?"

"माझं काम आहे आत्या. हातावर काई चालत नाई."

"असं कोन्तं काम आहे जे मेंदीनं बिघडते? आमी भांडे घासले, पोरं काढले, शेण सारवलं मेंदी लावून." बायका हसल्या. आत्याला जोर आला. "सायंटिस्ट झाली म्हने. अव, हात तर पाहा हिचे! मोलकरणीचे बरे!"

तिने हात ओढणीखाली घेतले. नवरी असलेली बहीण तिला म्हणाली, "दीदी, छोटा सा. मेरे लिए." तिने मान हलवली, नाही. आणि ती ताटं घेऊन आत गेली. जाताना तिची नजर माझ्यावर पडली आणि ती हसली, म्हणजे सर, पाहिलं ना, मी नाही लावली. शाबासकी हवी असल्यासारखं.

मी हसून मान डोलावली. हेही लिहायलाच हवं. मी मान डोलावली.

परत बोरसीला, आमच्या घरी, स्कूटरवर येताना बायको मागे बसली होती. तिच्या एका हाताला मेंदी, म्हणून दुसऱ्या हाताने मला धरलेलं.

"त्या पोरीच्या हाताले काय झालं जी?"

"धुऊन धुऊन झालं."

"कावून धुते एवढं?"

मी बोललो नाही. आमच्या घरी हे नेहमीचंच. ती म्हणाली, "बंद पडली भट्टी," आणि स्वतःच हसली. पुढे रेल्वेचं फाटक पडलेलं होतं. मी स्कूटर बंद केली. कोळशाचे डबे घेऊन मालगाडी सावकाश चालली होती. मी मागे न बघता सगळं सांगितलं. पूजा, डबा, गुग्गुळाचा वास, खोबरेल तेल. गाडीच्या आवाजात तिला किती ऐकू गेलं कुणास ठाऊक, पण तिने एकदाही काय म्हणालात असं विचारलं नाही.

मालगाडीचा शेवटचा डबा गेला. फाटक उघडायच्या आत ती म्हणाली, "तिले सांगितलं?"

"नाही."

"मग मले कायले सांगता? मी का तिची माय आहो?"

मागून हॉर्न वाजायला लागले. मी स्कूटर चालू केली. थोडं पुढे गेल्यावर ती माझ्या कानाशी म्हणाली, "मले सांगून तुमचं पोट मोकळं झालं. तिचे हात तसेच हायेत."

लग्न उरकून ती कामावर आली त्या सकाळी मी कपाटातून जुना डबा काढला आणि तिच्यापुढे ठेवला. मी म्हटलं, वास घे. तिने घेतला. तिला लगेच कळलं नाही, तिने पुन्हा घेतला आणि माझ्याकडे बघितलं. मग मी सांगितलं. पहिल्यांदा बायकोला सांगितलं होतं म्हणून की काय, ह्या वेळी वाक्यं पाठ केल्यासारखी निघाली. त्याची मला लाज वाटायला हवी होती.

तिने डबा आपल्याकडे ओढला. मग ती हिंदीत नाही, मराठीत म्हणाली, "तुमाले कधी कळलं सर?"

"दुसरा डबा आला तेव्हाच."

"मी जेवायले गेली होती तेव्हा?"

"हो."

"अन् आल्यावर तुमी तेलाचं विचारलं."

"हो."

"म्हणजे मुलाखतीच्या आधी."

"हो."

बाहेर व्हरांड्यात मुलं प्रॅक्टिकलला चालली होती, त्यांचा आवाज येत होता. तिने आपले हात टेबलावर ठेवले, आधी पालथे, मग उताणे, जसे डॉक्टरला दाखवतात. "मी मेंदी नाई लावली," ती म्हणाली.

"पाहिलं मी."

मला वाटलं ती ओरडेल. ती उठली, डबा झाकला आणि म्हणाली, "कंट्रोल करावं लागंल." आणि दुर्गच्या बाजारातून गुग्गुळ आणायला निघून गेली.

तो कंट्रोलचा, म्हणजे पडताळणीचा प्रयोग तिने एकटीने आखला. स्वच्छ चकत्या, काचेची पेटी, पेटीत गुग्गुळाचा धूर. आणि तशाच दुसऱ्या चकत्या, धुराशिवाय. दोन्हींवर नुसतं ऍसिड सोडायचं, अर्काचा थेंबही नाही. फक्त चकती बसवायची वेळ आली तेव्हा ती मागे सरकली आणि म्हणाली, "सर, तुमी बसवा." मला वाटलं तिला साक्षीदार हवा आहे, किंवा माझ्याच हाताने मला दाखवायचं आहे. मी बसवली. बिनधुराची रेघ सरळ उठली. धुराची झोपली, आमच्या लेखातल्यासारखी तंतोतंत.

ती स्क्रीनकडे बघून म्हणाली, "ह्याच्यात महुवा नाईच सर. नुसता देव आहे." आणि हसली. त्या हिवाळ्यात प्रयोगशाळेत ती पहिल्यांदाच हसत होती. मी हसू शकलो नाही आणि रडूही शकलो नाही. मला फक्त एवढं दिसत होतं की रेघ हलत नाहीये.

लेख मागे घ्यायला मी त्याच आठवड्यात लिहिलं. कारण दिलं, चूक माझी असल्याचं स्पष्ट लिहिलं. मग आमच्या प्राचार्यांकडे गेलो. मी हे सांगितलेला तिसरा माणूस ते. माझ्या निवडीत ह्या लेखाचा वाटा आहे, तेव्हा त्याचं काय ते ठरवा, असं म्हणालो. त्यांनी चहा मागवला. म्हणाले, "सर, अब रहने दीजिए. लेख तो वापस हो ही गया ना? आदमी से होता है." मी म्हटलं, "मी तिला खोटं सांगितलं, त्याचं काय?" ते म्हणाले, "वो तो आपका और बच्ची का मामला है." मी चहा प्यायलो. पाटीवर माझ्या नावापुढे प्रोफेसर तसंच आहे. मला काहीही झालं नाही. मी दोन-तीन दिवस वाट बघितली, आता काहीतरी वाटेल, निदान हलकं वाटेल. तसंही वाटलं नाही.

कामाचं म्हणाल तर काम वाचलं. अर्क बराच जास्त घेतला तर महुवाही थर धरतो. बाजारातल्या औषधाइतका नाही, पण धरतो, आणि खरा धरतो. धुराचं एक वेगळं प्रकरण तिच्या प्रबंधात जाणार आहे, आणि परीक्षकांना कदाचित तेच जास्त आवडेल. तिच्या वडिलांना तिने काय सांगितलं ते मला माहीत नाही. पेढ्यांनंतर ते पुन्हा आले नाहीत. स्थळं बघायला लागल्याचंही ऐकलं नाही. तिच्या हातांच्या चिरा उन्हाळ्यात भरून आल्या. खोबरेल लावते की नाही, विचारायचं धाडस मला नाही.

पण चकती ती बसवत नाही. द्रावणं ती करते, तापमान ती बघते, रेघेचा अर्थ ती लावते, आणि आता माझ्यापेक्षा चांगला लावते. चिमटा तेवढा माझ्या हातात देते. सुरुवातीला मी म्हणायचो, आज तू लाव. ती म्हणायची, उद्या. मग मी म्हणणं सोडलं. मला चष्मा लागतो, माझा हात आता पूर्वीचा राहिला नाही, एखादी चकती तिरपी बसते आणि सगळं पुन्हा काढावं लागतं. ती वाट बघते.

ह्या महिन्यात एक दिवस माझ्याकडून लागोपाठ दोन वेळा चुकलं. मी चिमटा खाली ठेवला आणि म्हणालो, "हे तुझं काम आहे. तुझा हात माझ्याहून चांगला आहे. तेव्हाही चांगला होता. मी खोटं बोललो होतो, हात नाही."

"माहीत आहे सर."

"मग?"

ती खिडकीच्या पट्टीकडे बघत होती. "मले भरोसा नाई येत."

"माझ्यावर?"

"दोघायवर." मग तिने जरा विचार केला आणि अगदी साधेपणाने म्हणाली, जसं कुणी पाण्याची वेळ सांगावी तसं, "तुमच्या हातून चुकलं तर निदान माझं नाई चुकलं, एवढं तर राहते."

मी चिमटा उचलला, चष्मा नाकावर घट्ट केला आणि तिसऱ्यांदा चकती यंत्राच्या खोबणीत सोडली.

"बसली?" तिने मागून विचारलं.

"बसली."

"पक्कं?"

मी वाकून पुन्हा बघितलं, कारण आता बघितल्याशिवाय हो म्हणायची मला मुभा नाही. "पक्कं," मी म्हणालो, आणि तिने ऍसिड सोडलं.